तळहातावरची वाईन

मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटत होता, हे आधीच सांगून टाकते. उद्या कुणीतरी शोधून काढण्यापेक्षा मीच कबूल केलेलं बरं. हा हेवा कधीमधी मनात येऊन जाणारा नव्हता. सकाळी गॅस पेटवताना सुरू व्हायचा तो पातेली घासून पालथी घालेपर्यंत टिकायचा. ती माझ्यापेक्षा दिसायला बरी आहे, शिकलेली आहे, तिचे केस अजून काळे आहेत. यातल्या कशाचंच मला काही वाटलं नाही. मला हेवा वाटायचा तो तिच्या नाकाचा.

आमची कोल्हापुरात पेठेत मटणाची खानावळ आहे. सासऱ्यांनी काढलेली. सासऱ्यांना आम्ही दोघी सुना मामा म्हणतो, आणि ते आम्हाला थोरली नि धाकटी म्हणतात. मामा गल्ल्यावर बसतात, माझा नवरा मटण आणतो आणि वाढप बघतो, भाकरीला आणि वाटणाला दोन बायका येतात. मी चव बघते.

चव बघणं म्हणजे काय, हे आमच्या खानावळीत आल्याशिवाय कळायचं नाही. सकाळी अकराला तांबड्या रश्श्याचं मोठं पातेलं उकळी धरतं. मग मामा गल्ल्यावरून हाक मारतात, "थोरले, बघ गं." त्या हाकेला सगळे हातातलं काम सोडून थांबतात. पळीला तोंड लावायचं नाही, पातेलं उष्टं होतं. म्हणून पळीनं दोन थेंब डाव्या तळहातावर घ्यायचे, जरा निवू द्यायचे आणि जिभेनं टिपायचे. मी "चालंल" म्हटलं की झाकणं उघडतात. "थांबा जरा" म्हटलं की बाहेर कुणीही बसलेलं असो, एक वाटीसुद्धा जात नाही. एकदा लग्नाचा बस्ता बांधायला आलेली चाळीस माणसं ताटावर खोळंबली होती. आतून माझा आवाज आला, "थांबा जरा," आणि मामा त्यांना म्हणाले, "पावणं, घाई असंल तर शेजारी जावा." कुणी गेलं नाही.

आधी हे काम सासूबाईंचं. त्या गेल्यावर पंधरा दिवस खानावळ बंद होती. सोळाव्या दिवशी अकराला मामांनी हाक मारली, "थोरले, बघ गं," आणि माझ्या हातातली पळी खाली पडली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. हे घर मामांचं, खानावळ मामांची, चटणीचं प्रमाण सासूबाईंचं. पातेल्याजवळची ती एक हात जागा तेवढी माझी होती, आणि ती गेली तर माझ्याकडे काय उरतं हा विचार मी कधी केला नव्हता. करायची वेळ आली नव्हती.

धाकटी आली आणि ती वेळ आली.

तशी ती आमच्या घरात लग्न होऊन आली त्याला बरीच वर्षं झाली, पण राहायला होती पुण्याला. माहेर कुरुंदवाडचं, शेतकऱ्याघरची पोर, पण हॉटेलचं शिक्षण घेतलेली. पुण्यात एका मोठ्या हॉटेलात ती गिऱ्हाइकांना वाईन सुचवायचं काम करायची. कोणत्या जेवणावर कोणती, कितपत गार, कोणत्या ग्लासात. मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "ह्याचा पगार देतात?" तिला राग आला नाही. ती हसली. तिला माझा राग यायचा नाही, हेही माझ्या डोळ्यांत खुपायचं.

तीन वर्षांपूर्वी मामांनी हट्ट धरला की दोन्ही पोरं एका छपराखाली पाहिजेत. उचगावला रस्त्याकडेची जागा मिळत होती, तिथं दुसरी खानावळ काढायची होती. दिरांनी पुण्याची नोकरी सोडली, तिनंही सोडली, आणि दोघं आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या फडताळातल्या बरण्या एकेक उघडून हुंगल्या. मी बघत उभी. ही काय बरण्यांची झडती घेते का काय, असं मला वाटलं. तिनं धण्याची बरणी बंद केली आणि म्हणाली, "अक्का, हे गेल्या वर्षीचे आहेत ना?" होते गेल्या वर्षीचे. मी म्हटलं, "न्हाय."

मग ती खोबऱ्याची सकाळ आली. रश्श्याला उकळी आली, हाक आली, मी तळहातावर थेंब घेतले, चाखले आणि म्हणाले, "चालंल." धाकटी जिन्यावरून खाली येत होती. पातेल्यापासून चांगली आठ-दहा पावलं लांब. ती तिथंच थांबली आणि तोंडावर हात धरून हळूच म्हणाली, "अक्का, खोबरं खवट आहे का हो?"

मामांनी स्वतः उठून येऊन चाखलं. मग वाटणातलं उरलेलं खोबरं तोडून खाल्लं आणि थुंकले. होतं खवट. फार नाही, पण होतं. सगळं पातेलं ओतून दिलं, त्या दिवशी नुसत्या सुक्या मटणावर गिऱ्हाईक केलं. मला वाटलं होतं मामा चिडतील. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते मांडीवर थाप मारून हसले आणि म्हणाले, "थोरले, नाकानं हरवलं की गं तुला! लांबनं, जिन्यावरनं!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या माहेरी, गगनबावड्याकडे, चार महिन्यांच्या पावसात घरात काही ना काही नासतंच. नासलेलं ओळखायला मी परकर नेसायच्या वयात शिकले. आणि ही मला खवट काय ते सांगणार! दुसऱ्या दिवसापासून मामांची हाक बदलली. "थोरले, बघ गं" बंद झालं. ते म्हणायला लागले, "पोरींनो, बघा गं." एका शब्दाचा फरक असेल, पण रोज अकराला तो माझ्या छातीत बसायचा. मी तळहातावर थेंब घ्यायची, ती नुसती पातेल्याच्या वाफेवर वाकायची. मी "चालंल" म्हणायच्या आधी मामांची नजर तिच्या तोंडाकडे जायची.

मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. ती खाली यायची वेळ झाली की मी मुद्दाम लवंगी मिरचीची फोडणी द्यायची, म्हणजे ती शिंकून बेजार व्हायची. तिनं बाजारातून आणलेली कोथिंबीर मी जून आहे म्हणून बाजूला काढायची आणि ती वर गेली की तीच वापरायची. नवऱ्यापाशी तिच्या नावानं खडे फोडायची. नवरा म्हणायचा, "तुला नेमकं झालंय काय?" हे त्याला कळत नव्हतं याचाही मला राग यायचा.

गेल्या वर्षी मामांनी पंच्याहत्तरी गाठली. घरात केक नको, सत्यनारायण नको, असं त्यांनीच बजावलं होतं. धाकटी म्हणाली, "मामा, मी एक वाईन आणते. फ्रान्सची. सगळ्यांनी मिळून चव घेऊ." मला वाटलं आता मामा हिला फैलावर घेतील. सासऱ्यासमोर सुना पिणार, ते सुद्धा खानावळीत! पण मामांचे डोळे चमकले. ते स्वतः कधी प्यायले नाहीत, आणि आता साखरेमुळे डॉक्टरांचीही बंदी आहे. पण आयुष्यभर लोक बाहेर पिऊन येतात आणि त्यांचा रस्सा खातात, तेव्हा त्या वस्तूत असतं काय याचं त्यांना कुतूहल होतं.

मी म्हणाले, "मी असलं काय पिणार न्हाय."

"पिऊ नकोस," मामा म्हणाले. "चाख. चाखायला काय हुतंय?" आणि मग, जसं काही आत्ताच सुचलं तसं, ते पुढे म्हणाले, "उचगावचं चालू झालं की मी गल्ल्यावर बसणार न्हाय. मग पातेल्यावर एकीचाच सबूद पायजे. दोघी दोन सांगाय लागला तर गिऱ्हाईक उपाशी मरंल. धाकटीचं नाक मी बघितलंय. आता थोरलीची जीभ बघू. थोरलीनं त्या बाटलीतलं बरोबर ओळखलं तर पातेलं तिचं. न्हाय तर धाकटीचं. विषय संपला."

मामांचा स्वभाव असाच. कुणाला मुकादम करायचं ते हे कुस्ती लावून ठरवतील. सगळे हसले. नवरा हसला, दीर हसले. धाकटी हसली नाही आणि मीही नाही. अठरा वर्षं सांभाळलेलं पातेलं, आणि ते जाणार कशावर? मी जन्मात न चाखलेल्या कुठल्याशा द्राक्षाच्या पाण्यावर. मला रात्रभर झोप लागली नाही.

वाढदिवस बुधवारी आला. मटणाचा वार, दुपारी चारपर्यंत गर्दी. त्यात त्याच दिवशी डंकावरून चटणी कुटून आली होती. आम्ही कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतो. ती आली की तळलेला कांदा-लसूण घालून हातानंच मळावी लागते, घमेल्यात, कोपरापर्यंत. मी सकाळभर तेच करत होते. गिऱ्हाईक संपल्यावर मी साबणानं दोनदा हात धुतले, चेहरा धुतला, पदर नीट केला आणि बाहेर येऊन बाकड्यावर बसले. परीक्षेला बसल्यासारखी.

धाकटीनं बाटली आणली. मी काहीतरी भरजरी प्रकार असेल असं धरून चालले होते, पण बाटली साधी होती, कागदावर एक घर आणि चार झाडं. नवऱ्यानं किंमत विचारली. ती म्हणाली, फ्रान्सच्या मानानं ही स्वस्तातली आहे, तिकडे लोक रोजच्या जेवणाला घेतात. "म्हणजे केवढ्याला?" तिनं सांगितलं. नवरा म्हणाला, "दोन किलो मटण आलं असतं की." मामा म्हणाले, "गप बस."

स्टीलचे पेले मी काढून ठेवले होते. तिनं ते हळूच बाजूला केले आणि सरबताचे काचेचे ग्लास घेतले. पर्समधून स्क्रू काढून बूच उपटलं. सफाईनं, एका दमात. मग थोडी थोडी ओतली. रंग चांगला होता, कबूल करते, पिकल्या करवंदाच्या रसाचा. ती सांगत होती, "ही ड्राय आहे. म्हणजे हिच्यात साखर उरलेली नाही. गोड लागणार नाही, आधीच सांगते. आणि ही एका द्राक्षाची नाही, तीन जातींची मिळून केलेली आहे. एक रंगाला, एक वासाला, एक तुरटपणाला."

मामा एकदम पुढे सरकले. "म्हंजे चटणीच की ही! ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी चवीला!"

"अगदी बरोबर, मामा."

इतकं झोंबलं मला! तीन मिरच्यांचं हे गणित सासूबाईंनी मला शिकवलेलं, मी रोज ते हातानं करते, आणि मामांना ते उलगडलं हिच्या बाटलीमुळे.

मग तिनं ग्लास बाकड्यावर ठेवूनच गोल फिरवला, नाक आत घातलं आणि डोळे मिटले. त्या क्षणी ती कशी दिसत होती ते मी विसरणार नाही. आमच्या घरात मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. खांदे सैल पडले होते. ती म्हणाली, "काळी फळं. थोडी वाळलेली पानं. आणि मागे कुठंतरी चामड्यासारखं."

"चामडं?" मामा म्हणाले. "प्यायच्या वस्तूत?"

दिरांनी घोट घेऊन शहाण्यासारखी मान हलवली. नवरा म्हणाला, "खोकल्याच्या औषधावाणी लागतंय," आणि तोंड बदलायला म्हणून त्यानं वाटीभर तांबडा रस्सा वर ओतला. धाकटी "भावजी, थांबा" म्हणेपर्यंत उशीर झाला. त्या वाईनवर तिखट गेलं की ते दुप्पट होतं म्हणे. नवरा लालबुंद होऊन मोरीकडे पळाला. एरवी मी पोट धरून हसले असते. त्या वेळी माझं लक्ष फक्त माझ्या ग्लासाकडे होतं.

मामा म्हणाले, "हां. थोरले, बघ गं."

दोन वर्षांनी ती हाक आली होती. मला ग्लासाला तोंड लावणं सुचलंच नाही. अठरा वर्षांची सवय. मी ग्लास तिरका केला, डाव्या तळहातावर थेंब घेतले आणि जिभेनं टिपले. आधी आंबट. मग तुरट. मग जिभेच्या शेंड्यावर काहीतरी ओळखीचं चुरचुरलं. मी पुन्हा थेंब घेतले. पुन्हा तेच.

"मिरी हाय," मी म्हणाले. "आणि लवंग. थोडीच, पण हाय."

मामांनी धाकटीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, बघत राहिली. मग तिनं बाटली पाठमोरी फिरवली, मागच्या कागदावर बोट ठेवलं आणि फ्रेंच वाचल्यासारखं करून म्हणाली, "इथं लिहिलंय. काळी मिरी, लवंग. अक्का, आम्हाला वर्गात हे ओळखायला सहा महिने लागले होते."

मामांनी बाकड्यावर अशी थाप मारली की ग्लास नाचले. "माझी थोरली! बाटली बघितली न्हाय, कागद वाचला न्हाय, फ्रान्सची मिरी धरली की हो पोरीनं!" त्यांनी बाजूच्या पानवाल्याला हाक मारून सांगितलं. पाणी पिऊन डोळे पुसत आलेल्या नवऱ्याला सांगितलं. मी खाली मान घालून बसले होते, पण आतून मी नाचत होते. आणि सर्वांत गोड काय वाटलं असेल तर धाकटीचा उतरलेला चेहरा. तो उतरलेला होता असं मला वाटलं. मला तसा हवा होता.

दिवेलागणीला मी आत भांडी लावत होते. घाम डोळ्यात उतरला म्हणून डाव्या हातानं डोळा चोळला. आणि आग झाली. चटणीत काम करणाऱ्या बाईला ती आग काय ते विचारा. दोनदा सोडून दहादा साबण लावा, चटणी कातडीत मुरून बसते, दुसऱ्या दिवसापर्यंत सुटत नाही. मी नळाखाली डोळा धरून उभी होते आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं. चटणीत मिरी असते. लवंग असते. मी वाईन चाखली नव्हती, माझा हात चाखला होता.

त्याच्यामागून दुसरी गोष्ट लक्षात आली आणि ती जास्त वाईट होती. खोबरं खवट होतं त्या दिवशीही मी चटणीचं घमेलं हातावेगळं करूनच पातेल्याकडे गेले होते. किती वर्षं मी अशी रस्सा म्हणून स्वतःचा हात चाटत होते?

पण मग बाटलीवर मिरी लिहिलेली कशी?

बाटली अर्धी उरली होती, बूच लावून फळीवर ठेवलेली. मी मोबाईल काढला. कॅमेरा धरला की त्यात परकी भाषा मराठीत होते, सामानाच्या डब्यांवरचं इंग्रजी वाचायला मला दिरांनीच ते शिकवलेलं. मागच्या कागदावर धरलं. मोडकंतोडकं मराठी आलं. दक्षिणेकडचं ऊन. लाल फळे. लाल मांस आणि चीज यांच्यासोबत द्यावे. मी तीनदा धरलं. मिरी कुठंच नव्हती. लवंग नव्हती.

म्हणजे तिला कळलं होतं. आठ-दहा पावलांवरून खवट खोबरं कळतं तिला बाकड्यापलीकडचा माझा हात कळणार नाही? तिनं माझी फजिती झाकली होती, आणि वर मला जिंकवलं होतं. तुम्हाला वाटेल मला तिचं कौतुक वाटलं असेल. नाही. माझा जळफळाट झाला. नाक तिचं चांगलं, आणि मनही तिचंच मोठं? माझी स्वतःची जागासुद्धा मला तिनं दान द्यावी?

बाटली घेऊन मी तरातरा वर गेले. ती गच्चीत वाळलेले कपडे काढत होती. मी बाटली कठड्यावर आपटली. "खोटं का बोललीस?"

तिनं विचारलं नाही कशाबद्दल. कपडे खांद्यावर टाकले आणि म्हणाली, "तुमच्या हाताचा वास मला तुम्ही बाहेर आलात तेव्हाच आला होता. मी सांगणार होते, हात पुन्हा धुवा म्हणून. पण मामांनी हाक मारली."

"मग खरं सांगायचंस की. पातेलं तुझं झालं असतं."

"म्हणून तर नाही सांगितलं," ती म्हणाली. "अक्का, मला ते पातेलं नकोय."

ती कठड्याला टेकली आणि एकदा सुरू झाली ती थांबलीच नाही. पुण्याच्या हॉटेलानं तिला परत बोलावलं होतं. वाईनचा सगळा विभाग तिच्याकडे देणार होते. दीरही तयार होते. पण मामांना सांगायचं कुणी? पातेलं तिच्या गळ्यात पडलं असतं तर तिचं जाणं जन्मात झालं नसतं. "रोज अकराला ती वाफ नाकात गेली की दिवसभर मला दुसरा वास येत नाही. दोन वर्षं झाली, मला माझं नाक माझं वाटत नाही. तुम्ही रागावू नका. तुमचं ते काम मोठं आहे. पण माझं नाही."

ज्या जागेसाठी मी दोन वर्षं जळत होते, लवंगी मिरचीच्या फोडण्या देत होते, झोप घालवत होते, ती जागा या बाईला नको होती. तोंडात मारल्यासारखं झालं मला. तिला ती हवी असती तर बरं झालं असतं, असं वाटलं. निदान आम्ही एका गोष्टीवरून भांडत तरी असतो.

तिनं आत जाऊन ग्लास आणला आणि थोडी ओतून माझ्यासमोर धरला. या वेळी मी तळहात पुढे केला नाही. सरळ ग्लासाला तोंड लावलं. आंबट, आणि कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ धरते तशी जीभ धरली. बस, एवढंच. मी विचारलं, "ह्यात तुला पानं कुठं लागली?" ती म्हणाली, "लागतात हो. सवयीनं." मी पुन्हा घोट घेतला. मला काही लागलं नाही.

मग ती म्हणाली, "मामांना तुम्ही सांगाल? ते तुमचंच ऐकतात."

मी लगेच हो म्हटलं नाही. जिना उतरताना माझ्या मनात काय आलं तेही सांगते: मी सांगितलं नाही तर ती जाणार नाही. इथंच राहील, माझ्यासारखी. दोन दिवस मी हा विचार मनात घोळवला आणि मला तो आवडत होता. तिसऱ्या दिवशी ती पहाटे कांदे चिरायला येऊन बसली, न सांगता, नाकाला ओढणी बांधून. तिला तसं बसलेलं मला बघवलं नाही.

त्याच दिवशी अकराला मामांनी हाक मारली, "थोरले, बघ गं." मी आधी राखेनं आणि मग लिंबानं हात घासून घेतले होते. चाखलं. मीठ कमी होतं, घातलं. पुन्हा चाखलं, आणि मग गल्ल्यापाशी गेले. "मामा, चालंल. आणि एक सांगायचं हाय. धाकटीला पुण्याला जायाचं हाय. तिच्या कामावर."

मामांनी हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला. "हितं काय कमी पडलं तिला?"

"काय न्हाय. तिचं काम तिकडं हाय."

"आणि धाकटा?"

"त्ये बी जातोय म्हणतात."

त्यांनी गल्ला उघडला, सुटे मोजल्यासारखं केलं आणि परत लावला. मला वाटलं आता भडकतील, उचगावच्या जागेचं काढतील. बाहेरून पहिली चार माणसं आत आली, हात धुऊन बाकड्यावर बसली. मामांनी त्यांना मानेनं रामराम केला आणि मग माझ्याकडे वळले.

"जाऊ दे मग," ते म्हणाले. "तिला कोण अडवतंय? तू हायस की."

तू हायस की. या घरात हेच ऐकायला मी दोन वर्षं तडफडत होते. मी "व्हय" म्हणाले आणि आत आले. बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, झाकणं उघडायची का म्हणून. मी मान हलवली. वरच्या मजल्यावर धाकटीनं बॅग काढायला कपाट सरकवल्याचा आवाज आला. मामांचं बोलणं तिनं जिन्यातूनच ऐकलं असावं. मी पळी हातात घेतली, पहिली वाटी भरली, आणि मला तिचा हेवा वाटला. तिच्या नाकाचा नव्हे. इतका हेवा मला तिचा आजवर कधी वाटला नव्हता.